वजनावर भुलू नकोस, लांबी मोज

प्रिय पोरी,

गगनबावड्याकडच्या त्या अकरा महिन्यांच्या मुलीबद्दल तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. वजन साडेसात किलो, तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात. लांबी ६६ सेंटिमीटर. अंगणवाडीत सगळे म्हणतात बाळ छान गुटगुटीत आहे, आणि तुला काही केल्या ते पटत नाही. पटवून घेऊही नकोस. या वयाच्या मुलीची लांबी साधारण ७३ सेंटिमीटर असते आणि ६७.७ च्या खाली गेली की ती खुजी धरायची. काटा म्हणतो बरं आहे, इन्फंटोमीटर, म्हणजे बाळाला आडवं निजवून लांबी मोजायची फळी, म्हणते या लेकराची वाढ बरेच दिवस अडलीय. इन्फंटोमीटरचं ऐक.

सकस खाणं पुरेसं मिळालं नाही, वर जुलाब-ताप चालू राहिले, की शरीर काटकसरीला लागतं. मेंदूला शक्य तेवढं जपतं. चरबी खर्ची पडते, मग स्नायू. रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे वाढीचं संप्रेरक, उतरतं आणि लांब हाडांच्या टोकांची कूर्चा वाढायची मंदावते. पुढे खाणं सुरू झालं की वजन आधी चढतं, लांबी मागून येते, आणि सगळी भरून निघेलच असं नाही. शिवाय चढलं ते काय? चहा-बिस्किट आणि साखरेच्या पेजेवर आलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, पोटॅशियम लागतं. काट्याला हे कळत नाही. अंगावर सूज आली तरी तो वरच जातो! नुसत्या चरबीनं मात्र बाळ लांब होत नाही, म्हणून लांबी मोज.

पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास राखलेली. अशा बाळाला नुसतं वजन वाढवायला खाऊ घातलं, तर पुढच्या मधुमेहाची तयारी आपणच करून देतो.

घरचे म्हणतील, आईबापच बुटके आहेत, लेकरू कुठून उंच होणार? हे ऐकलं की आजही माझा पारा चढतो. २००६ ची जागतिक आरोग्य संघटनेची मानकं सहा देशांतल्या बाळांवरून बनलीत, त्यांत दिल्लीची बाळं आहेत. अंगावर पाजलेली, नीट खाल्लेली, निरोगी बाळं पहिल्या काही वर्षांत जगभर जवळजवळ सारखीच वाढतात. बुटक्या आईचं बाळ थोडं लहान जन्मेल, मान्य. पण तिची वाढही बहुतेक लहानपणी अशीच कुठेतरी अडलेली असते.

मी पर्यवेक्षिका असताना एका कार्यालयात मला हेकट म्हणत. महिन्याच्या तक्त्यात वजनाचा रकाना भरला की काम झालं, लांबीसाठी दोन माणसं लागतात, वेळ जातो, असं मला सांगायचे. लागतातच दोन माणसं! एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे अलगद दाबून पावलं सरळ लावायची. बाळ रडतं. रडू दे. मी ऐकलं नाही आणि आजही वाटतं, बरोबर केलं. सल एकच आहे. ऊसतोडीच्या खोपट्यांतली बाळं हंगामापुरती भेटायची, एकदा लांबी घेतली की कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, आणि फड मोडून ती गावाकडे जायची. पुढचा आकडा मला कधी मिळाला नाही. तू लिहिलेली ही मुलगी तिथंच राहणार आहे, तुझ्यापाशी ती सबब नाही.

आता तिच्या घरी जा. वरणाचं पाणी बंद, घट्ट वरण-भात कुस्करून दे म्हणावं, वर चमचाभर तूप. अंडं, बारीक कुटलेलं शेंगदाण्याचं कूट, नाचणीच्या पेजेत थोडं दूध. पोट छोटं असतं, म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक, खाणं तोडायचं नाही. गोठ्यातलं सगळं दूध डेअरीला आणि लेकराला चहा, हे दिसलं तर सासूबाईंशी स्पष्ट बोल. सुनेशी बोलून उपयोग नसतो, तिच्या हातात काही नसतं.

पुढच्या महिन्यात मला दोन आकडे कळव, वजन आणि लांबी. लांबी दोनदा घेऊन, मिलिमीटरपर्यंत. नुसतं वजन लिहून पाठवलंस तर मी उत्तर देणार नाही.

तुझी,
ताई