ट्रॅकर कोणता घ्यावा?

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून सबटायटल संपादनाचं एक मुक्त सॉफ्टवेअर चालवतो. कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे, पण बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या तक्रारी, वाट्टेल तिथून येतात. कुणी मेल करतं, कुणी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतं. त्यासाठी केलेली स्प्रेडशीट आता कुणी उघडतही नाही. दोघांचं म्हणणं, स्वतःच्या सर्व्हरवर बगझिला किंवा रेडमाइन हा मुक्त ट्रॅकर, म्हणजे बगच्या नोंदी ठेवायचं साधन, बसवू. मुक्त प्रकल्पाच्या नोंदी मुक्त साधनातच असाव्यात. बाकीचे म्हणतात, गिटहबमधलीच नोंदींची सोय, गिटहब इश्यूज, सुरू करा आणि कामाला लागा. आमचे बरेच वापरकर्ते आणि भाषांतरकार प्रोग्रॅमर नाहीत. काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातलं स्प्रेडशीटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आलेली नोंद वाचायची जबाबदारी कुणाचीच नसेल, तर उत्तमातला उत्तम ट्रॅकरही सहा महिन्यांत तसाच ओस पडतो. म्हणून ट्रॅकरचं नाव ठरवण्याआधी पाळी लावा. एका आठवड्यात एकानेच नव्या नोंदी वाचायच्या, माहिती कमी असेल तर विचारायची, तोच बग आधी आलेला असेल तर दोन्ही नोंदी जोडायच्या. दुरुस्ती त्याने करायलाच हवी असं नाही.

मी एका चित्रकलेच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी गेली अनेक वर्षं हीच छाननी करते. एकदा नोंद आली : ‘सेव्ह होत नाही.’ बस, एवढीच. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, नेमकं काय केलंत, पडद्यावर काय दिसलं, हे एकेक करून विचारावं लागलं. शेवटी कळलं की फाइलच्या नावात इंग्रजीखेरीज दुसरं अक्षर असेल तेव्हाच गडबड होते. कारण सापडल्यावर दुरुस्ती किरकोळ निघाली. वेळ गेला तो तिथवर पोचण्यात. म्हणून नोंदीचा साचा आधी बनवा आणि त्यात हे चारच प्रश्न ठेवा. तुमच्या बाबतीत पाचवी विनंती हवीच : ती सबटायटलची फाइल जोडा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) आहे की जुन्या एखाद्या, हे मूळ फाइल बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आता साधनाकडे येते. बगझिला १९९८ पासून आहे आणि मोझिला आजही तेच वापरतं. शोध आणि परवानग्या यांत ते फार पक्कं आहे. पण सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप, अपडेट आणि स्पॅम, हे सगळं कुणाच्या तरी अंगावर येतं. सहा जणांतला एक त्यात अडकला की सॉफ्टवेअर लिहायला पाचच उरतात. शिवाय प्रॉडक्ट, कंपोनंट (सॉफ्टवेअरचा भाग), सिव्हिरिटी (बग किती गंभीर) विचारणारा अर्ज बघून तुमचा भाषांतरकार खिडकी बंद करून निघून जाईल. मोठे प्रकल्पही हललेच आहेत. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप २०१८ मध्ये बगझिला सोडून गिटहबसारख्याच गिटलॅबवर गेला, एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प २०२१ च्या अखेरीस गिटहबवर आला आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने २०२२ मध्ये राउंडअप हा जुना ट्रॅकर सोडून गिटहब इश्यूज घेतले. केडीई हा दुसरा डेस्कटॉप मात्र बगझिलावरच आहे. वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनाचा कोड गिटहबवर असला तरी तिकिटं, म्हणजे नोंदी, अजून ट्रॅक नावाच्या ट्रॅकरमध्येच असतात. त्यांच्याकडे ते सांभाळणारी माणसं आहेत. तुमच्याकडे आज नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : कोड जिथे आहे तिथेच इश्यू ठेवा. कमिटच्या, म्हणजे कोडमधला बदल जपून ठेवतानाच्या, संदेशात नोंदीचा क्रमांक लिहिला की दोन्ही आपोआप जोडले जातात आणि पुढे येणाऱ्या माणसाला ‘ही ओळ का बदलली?’ याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

पण तुमच्या त्या दोघांचं म्हणणं बाजूला सारू नका, ते खरं आहे. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनामुळे कोडचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो. इश्यूंचं तसं नाही. ते त्या कंपनीच्या सर्व्हरवरच असतात. गुगल कोड या गिटहबसारख्याच संकेतस्थळाने २०१५ मध्ये सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंदही झाली. बगवरची चर्चा ही प्रकल्पाची स्मरणशक्ती असते, ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडून चालणार नाही. तेव्हा या दोघांनाच एक काम द्या. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या गिटहबच्या सोयीतून, सगळे इश्यू आणि टिप्पण्या दर महिन्याला उतरवून घ्यायच्या आणि त्यांची प्रत दुसरीकडे ठेवायची.

त्याआधी एक चाचणी करा. गिटहबवर पाच-दहा खोट्या नोंदी टाका. लेबलं, टिप्पण्या, एखादा स्क्रीनशॉटही असू द्या. मग त्या फॉर्जेओमध्ये आयात करून बघा. फॉर्जेओ हे गिटहबसारखंच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि जर्मनीतली कोडबर्ग ही ना-नफा संस्था त्यावरच आपली सेवा चालवते. नोंदी, टिप्पण्या, लेबलं व्यवस्थित येतात. टिप्पणीतलं चित्र मात्र जुन्याच जागी राहतं, इकडे येतो तो नुसता दुवा. म्हणून मासिक प्रतीत चित्रंही उतरवून घ्यायला सांगा. उद्या मुक्काम हलवायची वेळ आली तर रस्ता माहीत असेल, आणि त्या दोघांनाही आजचा निर्णय पटेल.

ज्यांना गिटहबवर खातं उघडायचं नाही, त्यांच्यासाठी मेलचा पत्ता चालू ठेवा. पाळीवरच्या माणसाने आलेली मेल ट्रॅकरमध्ये उतरवायची आणि क्रमांक उत्तरात कळवायचा. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता उघड्या नोंदीत टाकायचा नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीचा बग ट्रॅकर तर पहिल्यापासून मेलवरच चालतो, तेव्हा या पद्धतीला कमी लेखू नका.

सुरक्षेतल्या त्रुटी उघड्या इश्यूत येता कामा नयेत. गिटहबच्या सेटिंगमध्ये खाजगी कळवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

प्रश्न : आमच्याकडे शेकडो जुन्या नोंदी उघड्या आहेत. ठरावीक दिवस हालचाल नसलेल्या नोंदी आपोआप बंद करणारा बॉट लावावा का?

उत्तर : नको. आपला रविवार घालवून नीट बग लिहिणाऱ्या माणसाला वर्षभराने यंत्राचं ‘बंद केलं’ एवढंच उत्तर मिळालं, तर तो पुन्हा लिहीत नाही. त्याची नोंद कुणी वाचली नाही, यात त्याचा काय दोष? बॉट लावायचाच तर फक्त ‘माहिती हवी’ हे लेबल असलेल्या नोंदींवर लावा, कारण तिथे तुम्ही विचारलेलं असतं आणि उत्तर आलेलं नसतं. बाकीच्यांसाठी नवी आवृत्ती निघाली की पाळीवाल्याने थोड्या थोड्या जुन्या नोंदी स्वतः तपासाव्यात. बग गेला असेल तर कोणत्या आवृत्तीत गेला ते लिहून बंद करावी. करणारच नसाल अशी मागणी असेल तर तसं कारणासह सांगून बंद करावी. आणि बग खरा आहे पण सोपा आहे असं दिसलं, तर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यासाठी सोपं काम) हे लेबल लावून कोणती फाइल बघायची तेही दोन ओळींत लिहावं. तुमचा सातवा स्वयंसेवक तिथूनच येण्याची शक्यता जास्त आहे.