स्पिनालोंगा या एकेकाळच्या कुष्ठरोग्यांच्या बेटावर मुलांसह सहलीला जावे का?

क्रीटजवळचे हे बेट ग्रीसच्या सहलीत घ्यावे का, मुलांना संसर्गाचा धोका आहे का आणि परक्याच्या दुःखाची जागा तिकीट काढून पाहणे बरे दिसते का, असे आपण विचारले आहे. धुळे-नंदुरबार भागात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर मी ते बेट पाहिले, म्हणून लिहितो.

धोका मुळीच नाही. वसाहत 1957 मध्येच बंद झाली. हा जंतू रिकाम्या घरांत इतकी वर्षे तग धरत नाही आणि बहुतांश माणसांत त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. (हीच शंका आमच्याकडे पाड्यांपेक्षा शहरातील सुशिक्षित लोक अधिक काढत.)

मार्गदर्शक 1579 मधील व्हेनिसकरांच्या किल्ल्यावरच बराच वेळ घालवतात, पण मला वस्ती महत्त्वाची वाटली. क्रीटच्या सरकारने 1903 मध्ये रुग्णांना येथे धाडण्याचे ठरवले. अंधाऱ्या बोगद्यातून आत शिरले की दगडी दुकानांची गल्ली लागते. बेटावर झरा नाही; पावसाचे पाणी साठवणारी टाकी जागोजागी आहेत आणि लळिंगच्या किल्ल्यावरची टाकी पाहिलेल्या खान्देशी माणसाची नजर आधी तिकडेच जाते. विशेष म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरचे प्लाका गाव येथून स्पष्ट दिसते, म्हणजे ज्या जगातून काढून टाकले, ते रुग्णांना रोज डोळ्यांसमोर होते. तरीही तेथे लग्ने झाली, मुले जन्मली, आणि कायद्याचे शिक्षण अर्धवट सुटलेल्या रेमुंडाकिस या तरुण रुग्णाने 1936 मध्ये रुग्णांची संघटना उभारून सुधारणा मागून घेतल्या.

कुष्ठरोगावरील सल्फोन या औषधांचा गुण 1940 च्या दशकातच दिसून आला होता, तरी वसाहत त्यानंतरही काही वर्षे चालूच राहिली. आपल्याकडेही रुग्णांना वेगळे ठेवण्याचा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, त्यामुळे ग्रीकांना नावे ठेवण्याची घाई मी केली नाही.

जाण्यात गैर काही नाही, असे माझे मत आहे. मात्र कबरस्तानात छायाचित्रांसाठी उभे राहू नये आणि मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे की हा रोग आज गोळ्यांनी सहा ते बारा महिन्यांत बरा होतो व आपल्याकडे त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

हिवाळ्यात नियमित होड्या बंद असतात. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी अवश्य न्यावे, कारण भुसावळचा मे महिना सोसलेल्यालाही तेथे सावली शोधावी लागते. वाट खडबडीत असल्याने वृद्धांनी चांगले बूट घालावेत. मोठ्या सहलींत बेटासाठी वेळ थोडाच ठेवलेला असतो. त्याऐवजी प्लाकाहून स्वतंत्र होडीने गेल्यास प्रवास काही मिनिटांचाच होतो आणि बेटावर निवांत फिरता येते.