वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात ध्यान नेमकं कुठे बसवायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळूजच्या कारखान्यात १२ आठवड्यांचा वजन कमी करण्याचा कार्यक्रम सुरू आहे. आहारतक्ते वाटले, चालण्याची स्पर्धा घेतली, दर शनिवारी दुपारी अर्धा तास ध्यान ठेवलं. सहावा आठवडा उजाडला तरी काटा हलत नाही आणि ध्यानाला ऑफिसातले आठ-दहा जण सोडले तर लाईनवरचं कोणी फिरकत नाही. मग ध्यान बंद करायचं का?

बंद करू नका, जागा बदला. ध्यानाने चरबी वितळत नाही. ताण आला म्हणून, किंवा भान न राहता होणारं खाणं त्याने कमी होतं, हे अभ्यासांत बऱ्यापैकी दिसलंय. थेट वजनावरचा परिणाम माफकच असतो. म्हणून ते खाण्याच्या शेजारीच हवं. शनिवारी मीटिंग रूममध्ये शांत बसलेल्या माणसाला रात्री अडीचला चहाची ट्रॉली आल्यावर त्यातलं काहीही आठवत नाही.

आधी एक आठवडा फक्त नोंद ठेवायला सांगा. खिशात मावेल असं कार्ड द्या. त्यावर चारच रकाने: वेळ, काय खाल्लं, भूक ० ते १० मध्ये किती, आणि त्याआधी काय घडलं. कॅलरी लिहायला लावू नका, माणसं तिसऱ्या दिवशी कार्ड टाकून देतात. शेवटच्या रकान्यातच सगळं सापडतं. मशीन बंद पडलं, सुपरवायझर बोलला, हप्त्याचा मेसेज आला आणि भूक २ असताना खारी-टोस्ट पोटात गेलं. चहाही मोजा. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, पाळीत पाच कप झाले की ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते. कँटीनला बिनसाखरेचा चहा करायला लावून साखर बाजूला ठेवा. सगळ्या कार्यक्रमात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल हाच आहे.

आता सराव. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजग ध्यानाचा (माइंडफुलनेस) मूळ अभ्यासक्रम ८ आठवड्यांचा आहे, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास. बारा तास राबून आलेल्या माणसाला हे सांगणं अन्यायाचं आहे. त्यातलं थोडंच उचला.

पाळी सुरू होण्याआधीच्या सूचनांच्या वेळी दोन मिनिटं श्वास: नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, असे बारा श्वास. उभ्यानेच, डोळे उघडे, नजर जमिनीवर. चालू मशीनजवळ डोळे मिटायचे नाहीत, हा नियम लिहूनच लावा. शिवाय डोळे मिटल्यावर काहींना घाबरं होतं, जुन्या आठवणी वर येतात. त्यांना ‘जमेल हळूहळू’ म्हणून रेटू नका.

सावकाश खायचं शिकवताना परदेशी पद्धतीत मनुका देतात. आपल्याकडे भाजलेला शेंगदाणा घ्या, शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे विचारून. एकच दाणा. बोटांत फिरवला की लाल टरफल सुटतं, वास आधी येतो. जिभेवर ठेवून लगेच चावायचा नाही. मग दाताखाली तो दुभंगतो, तेलाची चव नंतर उतरते, गोडसर चव शेवटी. एवढ्याला मिनिटभर जातं. मग समोर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम ठेवा: त्यात सुमारे १७० कॅलरी, आणि गप्पांत ते किती वेळात संपतात ते त्यांनाच बघू द्या. त्यानंतर नेम एवढाच, जेवणाचे पहिले तीन घास फोन पालथा ठेवून. भाकर असो की सकाळचा चुरमुऱ्यांचा सुशीला.

अवेळी हुक्की आली की दहा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, ती अंगात कुठे जाणवते ते बघायचं. लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा ओसरते. नाही ओसरली आणि भूक खरंच ६-७ असेल तर खायचंच. वैशाखात कधीकधी तहानही भुकेसारखी वाटू शकते, म्हणून पाणी आधी.

आता तुमच्या व्यवस्थापनाला न आवडणारं. ताणाचं कारण तसंच ठेवून कामगाराला श्वास मोजायला लावला तर तो ते ओळखतो, आणि त्याचं ओळखणं बरोबर असतं. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. सलग ओव्हरटाईम लावून कोणताही आहारतक्ता टिकणार नाही. पाळ्या पहिली, दुसरी, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवा. उलट फिरवल्या की शरीराला जास्त जड जातं. रातपाळीला मुख्य जेवण ड्युटीआधी, मध्यरात्रीनंतर हलकंच, शेवटचा चहा तीनच्या आत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी दिलेल्या मार्गदर्शनात कामाची रचना सुधारणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं आहे. म्हणून पहिली बॅच सुपरवायझरांची घ्या.

वजनाची यादी फलकावर लावली असेल तर आजच काढा. बक्षिसासाठी माणसं आदल्या दिवशी पाणीसुद्धा सोडतात. आठवड्यातून एकदा, तोच काटा, तीच वेळ, पडद्याआड. कंबरही मोजा: आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर धोका वाढतो. ८० किलोच्या माणसाने ४ किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो, तेवढंच उद्दिष्ट ठेवा.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही, रक्तातली साखर एकदम उतरते. रोजे आणि एकादशीला हे आणखी काटेकोर पाळा. कार्डांवर सलग रडू, झोप नाही, जगण्याचा कंटाळा असं दिसलं तर तो विषय वजनाचा राहत नाही: टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक कँटीनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा, आणि फोन करायला एक बंद खोली मोकळी ठेवा.