एकाच वेळी चार पेशंटनी बोलावलं, आधी कुणाकडे जायचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम, नर्सिंगचा जीएनएम कोर्स होऊन ५ महिने झालेत, मेडिसिन वॉर्डला नाइट असते, २८ पेशंट आणि आम्ही दोघी. मागच्या आठवड्यात रात्री अडीचला एकदम चौघांनी बोलावलं. एकाची सलाईन संपली म्हणून नातेवाईक भांडायला लागले, एका आजोबांना बेडपॅन हवं होतं, इन्सुलिनवरच्या काकूंना दरदरून घाम फुटलेला, आणि डेंग्यूचा १९ वर्षांचा मुलगा, ताप संध्याकाळीच उतरलेला, त्याची आई एवढंच म्हणाली की सिस्टर, हा कसंतरीच करतोय, पोट दुखतंय म्हणतो. मी आधी सलाईनकडे गेले कारण ते लोक आवाज चढवत होते. काकूंकडे जोडीदार गेली, शुगर ५२ निघाली. मुलाकडे अर्ध्या तासाने पोचले तर हात गार, बीपी ९६/८०. आयसीयूत हलवलं, आता बरा आहे. पण मला झोप लागत नाही.

उत्तर : अगं, तो बरा आहे हे वाचून आधी माझाच जीव भांड्यात पडला. ओरडणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात, मीही वळलेय, पण जो ओरडू शकतो त्याचा श्वास त्या क्षणी तरी चालू असतो हे लक्षात ठेव. सलाईन संपली तर रक्त थोडं मागे चढतं, फार तर सुई ब्लॉक होते, जाता जाता नळीवरचा रोलर बंद करायचा आणि दहा मिनिटांत येते म्हणून सांगायचं. आजोबांना बेडपॅन मावशींनी दिलं असतं. काकूंकडे जोडीदार गेली ते अगदी बरोबर, कारण शुगर ७० च्या खाली गेली की थांबायला वेळ नसतो, शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज.

त्याच वेळी तू मुलाकडे हवी होतीस.

डेंग्यूत ताप उतरला की घरचे खूश होतात आणि खरा धोका तिथेच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटदुखी, सारख्या उलट्या, बेचैनी, हिरड्यांतून रक्त, ही तेव्हाची धोक्याची लक्षणं. आणि बीपीचा वरचा आकडा एकटा बघू नकोस, ९६ दिसलं की वाटतं ठीक आहे, पण ९६ आणि ८० मधला फरक फक्त १६, तो २० किंवा त्याखाली आला म्हणजे पेशंट शॉकमध्ये चाललाय. सगळे प्लेटलेट किती म्हणून विचारत बसतात, तू हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतंय का बघ, आणि शेवटची लघवी कधी झाली ते विचार.

आईचं ‘कसंतरीच करतोय’ हे वाक्य मला मॉनिटरच्या अलार्मइतकं महत्त्वाचं वाटतं, तिने त्याला १९ वर्षं बघितलंय.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज, चार्टवर सगळ्यांना २० लिहायची सवय वॉर्डावॉर्डात आहे, मला तिचा फार राग येतो. डॉक्टरांना फोन करताना ‘बरं वाटत नाहीये’ म्हणू नकोस. ‘डेंग्यू, पाचवा दिवस, ताप उतरलाय, पोट दुखतंय, हात गार, ९६/८०, तुम्ही आत्ता या’ असं सांग, मग कुणी झोपून राहत नाही.

उद्यापासून ड्युटीचा ओव्हर घेताना आधीच्या सिस्टरला एकच जादा प्रश्न विचार, आज तुला भीती कुणाची वाटतेय? त्या बेडपासून राउंड सुरू कर.