कोरा सदरा स्टेजवर नको

एकांकिकेत १९८२ च्या संपातला गिरणी कामगार उभा करतोयस ना? मग दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून आणलेला सदरा तसाच चढवू नकोस. लाइट पडला की पांढरा कपडा झगझगतो, चेहरा मागे पडतो. दोन लिटर पाण्यात चार मोठे चमचे चहापावडर उकळ, गाळ, आणि सदरा पंधरा मिनिटं बुडव. आधी साध्या पाण्यात भिजव; कोरडाच टाकलास तर डाग उठतात. कापड सुतीच घे. टेरिकॉट चहाचा रंग नीट धरत नाही.

मग झीज. कॉलरची घडी, कफ, कोपर यांवर पॉलिश पेपर, हलक्या हाताने. खिसा ओला करून त्यात किल्ल्यांचा जुडगा घाल आणि रात्रभर टांगून ठेव. सकाळी खिसा लोंबलेला मिळेल, वर्षानुवर्षं बिडीबंडल ठेवल्यासारखा. भोकं मात्र पाडू नकोस, सगळे नवखे तेच करतात! कामगार फाटकं घालून पाळीला जात नाही, शिवून घालतो. जरा वेगळ्या दोऱ्याने रफू दाखव.

नाटकातल्या आईचं नऊवारी आयतं शिवलेलं नको. कासोटा जागचा हलत नाही, आणि बाई लावणीला निघाल्यासारखी दिसते.

चपला तालमीच्या पहिल्या दिवसापासून घाल.