मुराबहा म्हणजे नाव बदललेलं व्याजच का?

प्रश्न: एमकॉमच्या प्रोजेक्टला इस्लामिक फायनान्स (व्याज निषिद्ध मानणारी अर्थव्यवस्था) घेतलंय. मुराबहात बँक वस्तू घेते आणि नफा लावून हप्त्यांनी विकते, मग हे व्याजच झालं ना?

उत्तर: शंका रास्त आहे, अभ्यासकांतही यावर जोरात वाद आहे. बघा, व्याजापेक्षा वेगळं ठरायचं तर बँकेने वस्तू आधी स्वतःच्या मालकीची करायची, आणि तुम्हाला विकण्याआधी ती जळली-मोडली तर नुकसान बँकेचं, शिवाय मूळ किंमत नि नफा दोन्ही उघड सांगायचं आणि ठरलेली किंमत नंतर वाढवायची नाही, हप्ता चुकला तरी नाही. उशिराचा दंड घेतला तर तो सहसा दानधर्माला जातो. खरी गोम अशी की कधीकधी ही मालकी नुसती कागदावर क्षणभरच असते, तिथे टीकाकारांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तवर्रुकमध्ये तर रोख पैसा हातात यावा म्हणूनच माल उधारीवर घेऊन लगेच तिसऱ्याला रोखीने विकतात, आणि बँकेने आधीच जुळवून दिलेला तवर्रुक आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने (इस्लामी कायद्याच्या जाणकारांची संस्था) 2009 मध्ये नामंजूर केलाय. त्यामुळे जाहिराती सोडा, करार वाचा, माल बँकेच्या नावावर कधी आला, तुमच्या नावावर कधी गेला आणि मधल्या काळात जोखीम कोणाची होती तेवढं शोधा, प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.