एमआयबी म्हणजे ‘माहिती-तळ’ नाही, नमुना

प्रश्न असा आलाय की सॉफ्टवेअर मॉनिटरिंगमधल्या मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेसला, म्हणजे एमआयबीला, मराठीत ‘व्यवस्थापन माहिती-तळ’ म्हटलेलं चालेल का. नाही चालणार. तळ म्हटलं की लष्कराचा नाहीतर पातेल्याचा, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो की एमआयबी म्हणजे डेटा भरून ठेवलेला कुठलातरी डेटाबेस. रोज कानावर येतं, ‘एमआयबी डाऊन आहे’. अहो, एमआयबी डाऊन कशी होईल, डाऊन होतो तो एजंट, म्हणजे मशीनवर बसून विचारलेल्याची उत्तरं देणारा प्रोग्राम! एमआयबीत एवढंच लिहिलेलं असतं की काय काय विचारता येईल, त्याचा नंबर काय, उत्तर आकड्यात येणार की अक्षरात, आणि ते नुसतं वाचायचं की बदलताही येतं. १९९९ ची आरएफसी २५६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा नंबर दिलेला दस्तऐवज) बघा, खास ॲप्लिकेशनसाठीची एमआयबी. कुठली सर्व्हिस चालू, किती कनेक्शन उघडी, किती ट्रान्झॅक्शन झाली, सगळे रकाने आखलेत पण त्यात मोजलेला आकडा एकही नाही. आकडे एजंट देतो, ॲप्लिकेशन पाच मशीनवर पसरलेलं असेल तर पाच ठिकाणचे आकडे वेगळे, रकाने तेच.

आता अशा आखीव कोऱ्या रकान्यांना तलाठ्याच्या दप्तरात शब्द कधीचा आहे, नमुना. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, त्यावरून सातबारा. नंबरावरून ओळखायची रीतही तीच, इकडे सातबारा तर तिकडे १.३.६.१.२.१.१.३, म्हणजे एजंट सुरू होऊन किती वेळ झाला ते, सेकंदाच्या शंभराव्या भागात.

‘नमुना फारसी आहे, नको’ असं कोणीतरी म्हणणारच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही फारसी अशी खूण करून मोकळा होतो, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. फारसी नमूदन म्हणजे दाखवणं, आपलं ‘नमूद करणं’ तिथलंच, आणि त्याच्या पोटात ‘नि’ उपसर्ग आणि ‘मा’ धातू, मोजणे! संस्कृतातल्या मान, मापन, परिमाणातला जो मा, त्याचाच हा सख्खा भाऊ. अजमावणं, अजमास हेही त्याच घरातले. आणि फर्मान? त्याचं जुनं इराणी रूप ‘फ्रमाना’, शेजारी आपलं ‘प्रमाण’ ठेवून बघा, उपसर्गासकट जुळतं. नमुन्याचा संबंध ‘नम्’ म्हणजे वाकण्याशी लावणारे पंडित भेटतात, ती नुसती आवाजावरून केलेली जुळवाजुळव आहे, तिला व्युत्पत्ती म्हणू नका.

आणि बघा ना, एसएनएमपीत, म्हणजे एजंटशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, ‘गेट’ म्हणजे नमूद कर, ‘सेट’ म्हणजे फर्मान. २५६४ मध्ये चालता प्रोग्राम थांबवायचे, बंद करायचे फर्मानाचे रकानेसुद्धा आहेत. विचारणं, हुकूम देणं आणि ज्यावर हे सगळं चालतं तो नमुना, तिन्ही एका मोजण्याच्या धातूतून, आणि मॉनिटरिंग म्हणजे मोजणंच की. तेव्हा ‘व्यवस्थापन नमुना’ म्हणा, ॲप्लिकेशनचा असेल तर ‘ॲप्लिकेशन नमुना’. डेटाबेसला तरी तळ म्हणावं का हा वेगळा वाद, माझं मत तिथेही नको असंच आहे.